टेलिकॉममध्ये एज कंप्युटिंग आणि सायबर सिक्युरिटीचे सध्याचे ट्रेंड काय आहेत? कोअरमध्ये चांगला फायरवॉल असेल तर एज साइटला वेगळी सिक्युरिटी लागते का?

ट्रेंड कुठल्याही व्हेंडरच्या स्लाइडवर मिळतील, झीरो ट्रस्ट (आतल्या-बाहेरच्या कोणावरच आपोआप विश्वास न ठेवणं), एआयवालं मॉनिटरिंग, आणि 2024 मध्ये निस्ट या अमेरिकन संस्थेची स्टँडर्ड्स आल्यापासून पोस्ट-क्वांटम, म्हणजे क्वांटम कंप्युटरलाही न फुटणारी क्रिप्टोग्राफी. मी लिहितेय ते दुसऱ्या प्रश्नासाठी, कारण 'कोअरमध्ये फायरवॉल आहे ना' हे आमच्या एका साहेबांकडून इतक्यांदा ऐकलंय की अजून डोकं उठतं.

लागते. कोअर म्हणजे नेटवर्कचा मध्यवर्ती भाग, एज म्हणजे युजरजवळची छोटी साइट. यूपीएफ, म्हणजे युजरचं ट्रॅफिक पुढे पाठवणारा 5जीचा भाग, एजवर टाकला आणि ट्रॅफिक लोकल ब्रेकआउटने तिथूनच बाहेर काढलं की लेटन्सी कमी, बॅकहॉलचा (साइट ते कोअर लिंकचा) लोड कमी, सगळं मान्य, पण जे पॅकेट कोअरपर्यंत येतच नाही ते कोअरचा फायरवॉल तपासणार कसा? एन6, म्हणजे यूपीएफमधून बाहेरच्या नेटवर्ककडे जाणारा इंटरफेस, साइटवर गेला की तपासणीपण साइटवरच पाहिजे. हे मीटिंगमध्ये बोलले तर साहेब म्हणे, मॅडम, एक छोटा सर्व्हर आहे तो, त्याला कशाला एवढं.

त्याच रॅकमध्ये कमिशनिंगच्या वेळी व्हेंडरचा माणूस रिमोट सपोर्टसाठी एक 4जी राउटर लावून गेला होता, तात्पुरता म्हणे, आणि तो थेट मॅनेजमेंट नेटवर्कला (ज्यावरून उपकरणं कंट्रोल होतात) जोडलेला, पासवर्ड सगळ्या साइटना एकच, असेट लिस्टमध्ये नावच नाही म्हणजे पॅच करायचा प्रश्नच नाही. मेल टाकला, उत्तर शून्य. नंतर बाहेरच्या ऑडिटरला तोच राउटर सापडला आणि पुढच्या रिव्ह्यूत साहेबांनी 'आमच्या टीमने शोधलेली त्रुटी' म्हणून मोठ्या अक्षरात दाखवला. तो मेल मी अजून डिलीट केलेला नाही.

किरकोळ वाटतंय? 24 फेब्रुवारी 2022 ला व्हायासॅट कंपनीच्या केए-सॅट या सॅटेलाइट इंटरनेट नेटवर्कमध्ये हल्लेखोर नीट कॉन्फिगर न केलेल्या व्हीपीएनमधून मॅनेजमेंटच्या भागात शिरले आणि तिथून मॅनेजमेंटच्याच खऱ्या कमांड देऊन हजारो मोडेमची फ्लॅश मेमरी पुसली, जर्मनीत साधारण 5,800 पवनचक्क्यांचं रिमोट मॉनिटरिंगपण त्यात गेलं. युजरच्या ट्रॅफिकवर कितीही भारी फायरवॉल लावा, इथे काय उपयोग होता?

शिकायचं असेल तर एन4 वरचं पीएफसीपी (ज्या प्रोटोकॉलने कोअर यूपीएफला आदेश देतो) नीट समजून घ्या, एन3 वर (टॉवर ते यूपीएफ) आयपीसेक एन्क्रिप्शन चालू आहे की थ्रूपुट कमी होतो म्हणून बंद ठेवलाय ते विचारा, आणि एकाच एज होस्टवर बाहेरच्या कंपन्यांचे ॲप चालत असतील तर कुबरनेटिसमध्ये (कंटेनरमधले ॲप चालवणारी सिस्टिम) ते यूपीएफसारख्या नेटवर्क फंक्शनपासून कसे वेगळे ठेवलेत ते बघा. एआय नंतर. आधी रिमोट ॲक्सेस कोणाच्या नावावर आहे, काम झाल्यावर तो बंद कोण करतं हे विचारा, आणि विचारलेलं लेखी ठेवा, तोंडी अजिबात नको.

हां, एजवर नुसतं व्हिडिओ कॅशिंग असेल आणि यूपीएफ मध्यवर्तीच असेल तर युजरचं ट्रॅफिक तरी कोअरच्या फायरवॉलमधून जातं, तेवढ्यापुरते साहेब बरोबर. पण आमच्या साइटवर यूपीएफ होता, आणि त्या डिझाइनवर सही त्यांचीच होती.