शाळेत धावतो, स्पर्धेत भरकटतो

प्रश्न : आमच्या हायस्कूलचा लाइन फॉलोअर (जमिनीवरच्या काळ्या रेघेवरून चालणारा) रोबोट वर्गात अचूक धावतो. बेळगावच्या स्पर्धेत मात्र खिडकीजवळच्या वळणावर रेघ सोडून गेला. आता तो खानापूर तालुक्यातल्या शाळांत दाखवायचा आहे. काय करावं? – एक विद्यार्थिनी, खानापूर

उत्तर : दोष बहुधा उन्हाचा आहे. रोबोटचा सेन्सर इन्फ्रारेड (डोळ्यांना न दिसणारा) प्रकाश खाली सोडतो; पांढऱ्यावरून तो जास्त परततो, काळ्यावरून कमी. सूर्यप्रकाशातही इन्फ्रारेड असतंच, त्यामुळे सेन्सरला काळी रेघही पांढरी वाटते. सेन्सर जमिनीपासून ३ ते ५ मिमीवर आणा आणि भोवती काळ्या कार्डशीटची झालर लावा. प्रोग्रॅममधले सेन्सरचे आकडे शाळेतलेच ठेवू नका. जागेवर पोचल्यावर आधी पांढऱ्यावरचं आणि काळ्यावरचं रीडिंग घ्या. समजा ८० आणि ८२० आले, तर काळं-पांढरं ओळखायची मर्यादा मधोमध, ४५० ठेवा. रेघेसाठी चकचकीत टेप टाळा.

बॅटरीही तपासा. एकामागे एक जोडलेले दोन १८६५० (रिचार्जेबल लिथियम) सेल पूर्ण चार्ज असताना ८.४ व्होल्ट देतात, त्यातले दोनेक व्होल्ट एल२९८एन ड्रायव्हरच (मोटर चालवणारं सर्किट) खातो. सेल उतरले की वेग बदलतो आणि वळणं चुकतात.

गावातल्या शाळांसाठी पांढऱ्या पाठीचा जुना फ्लेक्स न्या आणि टेप मुलांनाच चिकटवू द्या, अगदी वेडीवाकडी. रोबोट कुठे चुकतो हे त्यांना लगेच दिसतं. सूचना मराठी-कन्नड दोन्हींत लिहा.