जन्मापासून दिसत नाही म्हणून मेंदू कच्चा राहतो का?

दादा, नमस्कार. पत्र दोनदा वाचलं. मुलगी जन्मापासून अंध, यंदा दहावीला, तिला आर्ट्स घेऊन मानसशास्त्र करायचंय, पाहुणे म्हणतात गाणं शिकवा नाहीतर टेलिफोन ऑपरेटर करा, आणि तुमच्या मनात भीती अशी की डोळ्यांनी कधी काही बघितलंच नाही तर मेंदूचा तेवढा भाग रिकामा राहिला असणार, मग अभ्यास झेपेल का.

नाही ओ, रिकामा नाही राहत. डोक्याच्या मागच्या बाजूला बघण्याचं काम करणारा भाग असतो, तिथं लहानपणापासून डोळ्यांकडून काही आलंच नाही तर तो स्पर्श, आवाज, भाषा असली कामं धरतो. 1996 साली लहानपणापासून अंध असलेल्या लोकांचा मेंदू ब्रेल वाचताना स्कॅन केला तर नेमका हाच भाग कामाला लागलेला दिसला, आणि 1997 मध्ये त्या भागात चुंबकाने थोडा वेळ अडथळा आणला तर वाचताना चुका व्हायला लागल्या. म्हणजे वाचायला तो भाग खरंच लागत होता! मला हे अजूनही भारी वाटतं.

पण देवानं डोळे नेले म्हणून कान जास्त दिले असं नसतं हां, सराव लागतो. तुम्हीच लिहिलंय, अक्कलकोट रोडला कारखान्यात डबा घेऊन आली की दारातूनच म्हणते, पप्पा तिसरा माग बंद आहे. एवढ्या खडखडाटात एक आवाज कमी झालेला कळणं, ही तिची कमाई आहे.

मला काळजी वेगळीच वाटली. ती ब्रेल सोडून आता सगळं मोबाईलवर ऐकते म्हणता. ऐकू द्या, पण ब्रेल सोडू देऊ नका, नुसतं ऐकून स्पेलिंग आणि ऱ्हस्व-दीर्घ पक्कं होत नाही, रोज अर्धा तास तरी बोटं कागदावर फिरू देत.

मानसशास्त्र घेऊ द्या की. बीए, एमए करून समुपदेशनात जाता येतं, नाहीतर स्पेशल बीएड करून शिक्षिका. 2016 च्या दिव्यांग कायद्याने सरकारी नोकरीत 4 टक्के जागा राखीव आहेत, त्यातला 1 टक्का अंध आणि अल्पदृष्टी असणाऱ्यांना, आणि सरकारी-अनुदानित कॉलेजात प्रवेशाला 5 टक्के.

आधी दहावी. लेखनिक आणि जादा वेळेचा अर्ज शाळेतून आत्ताच करा, आणि लेखनिक ठरला की जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेआधी दोघांना समोरासमोर बसवून दोन पेपर घरीच सोडवून घ्या, भूमितीचा तर नक्की.