नावाच्या डावीकडच्या सेलमधला कोड कसा आणायचा?

तुमच्या एक्सेल शीटमध्ये ए कॉलमला मालाचा कोड आहे, बी कॉलमला नाव, आणि ई2 मध्ये नाव टाकलं की कोड यायला हवा. इथे व्हीलुकअप (यादीत शोधून उत्तर आणणारं नेहमीचं फंक्शन) चालणार नाही. तो दिलेल्या रेंजच्या पहिल्याच कॉलममध्ये शोधतो आणि उत्तर त्याच्या उजवीकडूनच देतो. कॉलमची अदलाबदल करू नका, बाकीची सूत्रं बिघडू शकतात. हे वापरा (टाइप अर्थातच इंग्रजी अक्षरांत करायचं):

=इंडेक्स($ए$2:$ए$200, मॅच(ई2, $बी$2:$बी$200, 0))

मॅच फक्त एवढंच सांगतो की नाव रेंजमध्ये कितव्या जागी आहे. इंडेक्स त्याच जागेवरचा कोड उचलतो. दोन्ही रेंज एकाच ओळीपासून सुरू झाल्या पाहिजेत. एक 2 पासून आणि दुसरी 1 पासून घेतली, तर एरर न येता शेजारच्याच मालाचा कोड येतो आणि बिल गेल्यावर कळतं. शेवटचा 0 विसरू नका. तो नसेल तर मॅच यादी चढत्या क्रमाने लावलेली आहे असं धरून जवळपासचं काहीतरी पकडतो. डॉलरची चिन्हं आहेत म्हणून सूत्र खाली ओढलं तरी रेंज हलत नाही.

नाव समोर दिसतंय तरी #एन/ए (म्हणजे सापडलं नाही) येतंय? बहुतेक वेळा नावामागे स्पेस राहिलेली असते. ई2 च्या जागी ट्रिम(ई2) लिहून बघा, ट्रिम अशी जादा स्पेस काढतो. स्पेस यादीतच असेल तर यादी साफ करावी लागेल.

एक्सेल 2021, 365 किंवा गूगल शीट्स असेल तर सरळ एक्सलुकअप घ्या:

=एक्सलुकअप(ई2, $बी$2:$बी$200, $ए$2:$ए$200, "सापडलं नाही")