टोले, घंटा आणि जर्मन शब्द

प्रश्न : आमच्याकडे आजोबांच्या वेळचं जर्मन बनावटीचं भिंतीवरचं घड्याळ आहे, हल्ली टोले नीट पडत नाहीत. पार्ट्ससाठी जर्मनीतल्या एका दुकानाला मेल टाकायचाय. मजकूर इंग्रजीत तयार आहे, त्यात स्ट्राइक, चाइम, गाँग असे शब्द आहेत. मोबाइलवर भाषांतर केलं तर चाइमचं ‘ग्लोकनश्पील’ आलं. तसंच पाठवू का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : तसं नका पाठवू. ग्लोकनश्पील म्हणजे बऱ्याच घंटांवर वाजणारी धून, म्युनिकला मारिएनप्लात्झच्या टाउनहॉलवर 43 घंटांचं आहे ना, ते. भिंतीवरच्या घड्याळाला हा शब्द लावलात तर समोरचा भलतंच काहीतरी शोधत बसेल.

आधी घड्याळाचं दार उघडा आणि हातोडी कशावर पडते ते बघा. आपण सगळ्यालाच घंटा म्हणतो, पण जर्मनमध्ये ग्लोक म्हणजे खरीखुरी घंटा, तुमच्या पंचवटीतल्या नारोशंकराच्या घंटेसारखी, मग ती लहान का असेना. भिंतीवरच्या घड्याळात बऱ्याचदा घंटा नसतेच, जाड तारेचं वेटोळं असतं नाहीतर सळया असतात. वेटोळं असेल तर टोनफेडर लिहा, सळई असेल तर गोंगश्टाब.

मग चावी द्यायची भोकं मोजा. दोन असतील तर एक घड्याळ चालायचं, म्हणजे गेवेर्क, आणि दुसरं टोल्यांचं, श्लाकवेर्क, इंग्रजीतलं स्ट्राइक ते हेच. तीन असतील तर बहुधा चाइम आहे, म्हणजे पाव-पाव तासाला धून वाजते आणि तासाचे टोले वेगळे पडतात. धून बिग बेनची असेल, पावला 4 स्वर, अर्ध्याला 8, पाऊणला 12 आणि तासाला 16, तर बिनधास्त वेस्टमिन्स्टरश्लाक लिहा, तिकडचे घड्याळजी हेच म्हणतात. जर्मनमध्ये टोला काय नि धून काय, दोन्हीला श्लाकच, त्याच्याआधी काय जोडता त्यावर सगळं ठरतं, म्हणून नुसतं श्लाक लिहून सोडू नका. तासाचे टोले म्हणजे श्टुंडनश्लाक.

आणि टोले नेमके कसे चुकतात तेही सांगा, पार्ट त्यावरच ठरतो. टोले पडू न देता काटा पुढे नेला आणि मग चारला तीन, पाचला चार असं चुकतच राहिलं, तर आत खाचांची चकती आहे, श्लॉसशाइब. पुढच्या तासाला आपोआप जुळत असेल तर ती दात्यांची रचना, तिला रेखन म्हणतात.

साडेतीनचा टोला पडत नाही असं लिहायचं असेल तर मात्र जपून, जर्मनमध्ये साडेतीनला हाल्प फिअर म्हणतात आणि फिअर म्हणजे चार, आपल्या लोकांचा इथे हमखास घोळ होतो. सरळ 3.30 असं आकड्यात टाका. मशीनच्या मागच्या पत्र्यावर शिक्का किंवा नंबर असेल तर त्याचा स्वच्छ फोटोही मेलला जोडा.