वाचकांचे प्रश्न : ३,६०० चौकटींची गोष्ट

या वेळी पत्रांचा मोठा गठ्ठा लहान मापाच्या फिल्मविषयी, मुख्यतः सुपर ८ विषयी, म्हणजे सीलबंद कार्ट्रिजमध्ये मिळणाऱ्या आठ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मविषयी, आला. पत्रे लिहिणाऱ्या बहुतेकांना घरगुती आठवणी टिपायच्या नाहीत. त्यांना कथा सांगायची आहे. त्यामुळे उत्तरेही कथापट डोळ्यांसमोर ठेवूनच दिली आहेत.

प्रश्न : मला पाच मिनिटांचा एक कथापट सुपर ८ वर करायचा आहे. काही जाणकार म्हणतात की दोन कार्ट्रिज पुरतील, तर काहींच्या मते दहा हाताशी असल्याशिवाय सुरुवातच करू नये. कोणाचे ऐकावे? (एक विद्यार्थिनी)

उत्तर : आधी हिशेब मांडू. एका कार्ट्रिजमध्ये ५० फूट फिल्म असते आणि फुटाला ७२ चौकटी (एकेक स्थिर चित्र) भरतात, म्हणजे एकूण ३,६००. सेकंदाला २४ चौकटींच्या वेगाने ती अडीच मिनिटांत संपते. १८ चा वेग ठेवला तर तीन मिनिटे वीस सेकंद चालते. तेव्हा २४ च्या वेगाने पाच मिनिटांना कागदावर बरोबर दोन कार्ट्रिज लागतात, आणि ‘दोन पुरतील’ म्हणणारे इथेच थांबतात. प्रत्यक्षात मात्र प्रत्येक शॉटच्या आधी आणि नंतर थोडी फिल्म वाहून जाते. कॅमेरा पूर्ण वेग घेईपर्यंतची पहिली एखादी चौकट बऱ्याचदा जास्त प्रकाश खाऊन पांढुरकी होते. शिवाय नट सावरेपर्यंतचा एक सेकंद आणि कृती संपल्यावर सवयीने धरून ठेवलेला एक सेकंद असतोच. आपल्या कथेत चाळीस शॉट आहेत असे धरले, तर हे दोन-दोन सेकंद मिळून ऐंशी सेकंद होतात, म्हणजे अर्ध्याहून जास्त कार्ट्रिज, ज्यात कथेतले काहीच घडत नाही.

यावर एक साधा उपाय आहे. नटाने कृती आधी सुरू करावी आणि ती चालू असतानाच कॅमेऱ्याचे बटण दाबावे. डिजिटल चित्रीकरणाची सवय उलटी असते, म्हणून तालमीतच हा क्रम हाडीमासी रुजवावा लागतो.

तरीही खरी बचत कॅमेऱ्यापाशी होत नाही, ती पटकथेत होते. एक उदाहरण घेऊ. पटकथेत ओळ आहे : ‘मुलगी कपाट उघडते, वडिलांचा चष्मा काढते, काचा पुसते, चष्मा डोळ्यांना लावते आणि आरशात पाहते.’ वाचायला पाच सेकंदही लागत नाहीत. हाच प्रसंग हातात स्टॉपवॉच घेऊन करून पाहा. सहज बावीस सेकंद लागतील, म्हणजे ५२८ चौकटी, कार्ट्रिजचा सातवा हिस्सा. आता विचारावे की यात कथा नेमकी कुठे आहे. कपाटात ती नाही. चष्मा मोठा असल्याने तो नाकावरून घसरतो आणि मुलगी तो एका बोटाने वर सरकवते, वडील सरकवायचे अगदी तसाच. कथा त्या बोटात आहे. तेव्हा शॉट सुरू व्हावा तो सदऱ्याच्या टोकाने काचा पुसणाऱ्या हातांवर, आणि संपावा तो वर सरकवणाऱ्या बोटावर. नऊ सेकंदांत काम होते आणि प्रेक्षकाला कपाटाची आठवणही येत नाही.

अशा रीतीने संपूर्ण पटकथेची सेकंदांत मोजणी करून, प्रत्येक शॉटची दोनदा तालीम घेऊन मगच फिल्म आणावी, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. ही तयारी झाल्यावर पाच मिनिटांच्या कथेला चार कार्ट्रिज पुरतात : तीन कथेसाठी आणि एक अशा दोन-तीन शॉटसाठी, जे पुन्हा घ्यावेच लागतील हे आधीपासून दिसत असते, उदाहरणार्थ लहान मूल किंवा प्राणी असलेला शॉट. तयारी नसेल तर दहाही अपुरी पडतील.

प्रश्न : घरात आजोबांचा जुना सुपर ८ कॅमेरा सापडला आहे. तो कथापटासाठी वापरण्याजोगा आहे की नाही, हे फिल्म न घालता कसे कळेल? (एक वाचक)

उत्तर : सर्वप्रथम तो खरोखर सुपर ८ च आहे ना, याची खात्री करून घ्या. १९६५ च्या आधीचे आठ मिलिमीटरचे कॅमेरे वेगळ्या पद्धतीचे असतात. त्यांत सोळा मिलिमीटर रुंदीची फिल्म चकतीवर गुंडाळलेली असते, ती एकदा चालवून उलटून घालतात आणि धुतल्यावर मधोमध चिरतात. सुपर ८ ला प्लास्टिकचे सीलबंद कार्ट्रिज लागते. दोन्ही एकमेकांत चालत नाहीत.

नंतर बॅटरीची जागा उघडा. टोकांवर हिरवी-पांढरी बुरशीसारखी पूड जमली असेल, तर व्हिनेगरने किंचित ओलसर केलेल्या कापसाने ती पुसून टोके पूर्ण कोरडी करा. काही कॅमेऱ्यांत प्रकाशमापकासाठी वेगळा बटणासारखा सेल असतो. तो मूळचा पाऱ्याचा आणि १.३५ व्होल्टचा असे. त्याच्या जागी दीड व्होल्टचा आजचा सेल बसवला की मापक चुकीचा आकडा दाखवू शकतो. श्रवणयंत्रातला झिंक-एअर सेल १.४ व्होल्टच्या आसपास असल्याने तो या कामी बराच जवळचा पडतो.

आता मागचे दार उघडे ठेवून कॅमेरा खिडकीच्या उजेडाकडे धरा आणि बटण दाबा. कॅमेऱ्याच्या रचनेनुसार हे शक्य असेल, तर गेटच्या, म्हणजे फिल्मवर जिथून प्रकाश पडतो त्या जागेच्या, चिमुकल्या चौकोनातून उजेड लुकलुकताना दिसायला हवा आणि मोटरचा आवाज एकसारखा यायला हवा. तो चौकोन भिंगाखाली नीट न्याहाळा. माझ्या सुरुवातीच्या एका कथापटात पडद्याच्या वरच्या कडेला एक केस पहिल्या शॉटपासून शेवटपर्यंत थरथरत राहिला, आणि त्यात एका वृद्ध अभिनेत्रीचा असा एक शॉट होता जो पुन्हा घेणे शक्य नव्हते. फिल्मवर प्रतिमा उलटी पडते, म्हणून पडद्यावर वर दिसणारा तो केस प्रत्यक्षात गेटच्या खालच्या कडेला अडकलेला असतो. तेव्हापासून मी दर कार्ट्रिजआधी मऊ लाकडी काडीने गेट साफ करते. धातूचे काहीही तिथे लावू नये.

फिल्मच्या संवेदनशीलतेचे एक गणितही समजून घ्या. कार्ट्रिजच्या कडेला असलेल्या खाचेवरून कॅमेरा फिल्मची संवेदनशीलता ओळखतो, पण अनेक साध्या कॅमेऱ्यांना ४० आणि १६० हे दोनच आकडे कळतात. त्यांत २०० ची निगेटिव्ह फिल्म घातली तर ती १६० समजून किंचित जास्त प्रकाश दिला जातो, आणि निगेटिव्हला तो मानवतो. ५०० ची फिल्म १६० समजली गेली तर फरक दीड स्टॉपच्या वर जातो (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). निगेटिव्ह तेही बहुधा निभावून नेते, रिव्हर्सल, म्हणजे धुतल्यावर थेट सरळ प्रतिमा देणारी फिल्म, नाही. शिवाय बहुतेक कॅमेऱ्यांत नारिंगी फिल्टर आतच बसवलेला असतो आणि तो सूर्य व बल्ब अशा चिन्हांच्या बटणाने हलतो. दिवसाच्या उजेडासाठी बनवलेली फिल्म घातली असेल तर भर उन्हातही बटण बल्बच्या चिन्हावर ठेवायचे, म्हणजे फिल्टर बाजूला होतो. हे विचित्र वाटते, पण तसे न केल्यास सगळा प्रसंग नारिंगी होतो.

हे सर्व जमले तरी कथेच्या आधी एक कार्ट्रिज चाचणीसाठी वापराच. ते घातल्यावर उघड्या खिडकीतल्या फिल्मवर पेनाने बारीक ठिपका करा, कॅमेरा क्षणभर चालवा आणि कार्ट्रिज काढून पाहा. ठिपका पुढे सरकलेला असेल तर फिल्म चालते आहे.

प्रश्न : माझ्या कथेत दोन बहिणींचा संवाद आहे. सुपर ८ वर ओठांशी जुळणारा आवाज मिळवता येईल का? (एक नाट्यकर्मी)

उत्तर : एकेकाळी सोय होती. १९७३ मध्ये कडेला चुंबकीय पट्टी असलेली सुपर ८ फिल्म आली आणि कॅमेराच आवाज टिपू लागला. १९९७ मध्ये ती फिल्म बंद झाली. मात्र तिच्यातही कथापट करणाऱ्यांची एक मोठी अडचण होती, आणि ती समजून घेण्यासारखी आहे. गेटमध्ये फिल्म थांबत-थांबत, झटक्यांनी सरकते, तर आवाज टिपायला ती अखंड सरकावी लागते; म्हणून आवाज चित्राच्या १८ चौकटी पुढे नोंदवला जाई. त्यामुळे चित्र जिथे कापावे तिथे आवाज कापला जात नसे, आणि संकलन करताना एखाद्या शब्दाचा शेवट तरी जाई किंवा पुढच्या शॉटमध्ये भलताच शब्द तरी येई.

आज आवाज वेगळ्या रेकॉर्डरवरच घ्यावा लागतो, आणि अडचण आहे ती कॅमेऱ्याच्या मोटरची. नियंत्रक स्फटिक नसलेली मोटर नेमक्या २४ च्या वेगाने चालत नाही. ती २३.५ ने चालली, तर दहा सेकंदांत पाच चौकटींचा फरक पडतो, आणि इतका फरक ओठांवर लगेच दिसतो. त्यातच कॅमेऱ्याची घरघर मायक्रोफोनमध्ये शिरते. क्रिस्टल सिंक, म्हणजे असा नियंत्रक स्फटिक, बसवलेला कॅमेरा मिळाला तर वेगाचा प्रश्न सुटतो, घरघरीचा नाही.

आपण रंगभूमीवरच्या आहात, म्हणून मोकळेपणाने सुचवते : बोलणाऱ्या बहिणीऐवजी ऐकणारी बहीण दाखवा. ‘घर विकायचं ठरलंय’ हे वाक्य कानावर पडताना कॅमेरा भाजी निवडणाऱ्या धाकटीच्या हातांवर असेल आणि ते हात थांबतील, तर ओठांचा प्रश्नच उरत नाही आणि प्रसंगाचा भार योग्य ठिकाणी पडतो. बोलणारा चेहरा दाखवणे भागच असेल, तर शॉट तीन-चार सेकंदांपेक्षा लांबवू नये. तेवढ्यात फरक एक-दोन चौकटींपलीकडे जात नाही आणि संकलनात तो सहज सावरता येतो. संवाद त्याच खोलीत, त्याच नटांकडून, चित्रीकरण संपताक्षणी कॅमेरा बंद असताना ध्वनिमुद्रित करून घ्या. स्वरांतला ताण तेव्हा ताजा असतो. महिन्याभराने तो परत आणता येत नाही. आणि खोलीची निव्वळ शांतताही एक मिनिट टिपून ठेवा. संकलनात दोन वाक्यांमधली जागा तिनेच भरावी लागते.

प्रश्न : माझ्या फिल्मवरची प्रतिमा नेहमी मऊ, धूसर येते. लेन्स खराब आहे का? (एक वाचक)

उत्तर : बहुधा नाही. प्रथम लेन्स मुद्दाम अस्पष्ट ठेवून नेत्रिका फिरवा आणि आतली रेघ किंवा वर्तुळ तुमच्या डोळ्याला स्वच्छ दिसू द्या. ही जुळणी राहून गेली की नंतरचे सगळे फोकस चुकते. मग झूम पूर्ण आत नेऊन पात्राच्या डोळ्यांवर फोकस करा आणि नंतरच हवी ती चौकट घ्या. भर उन्हात जास्त संवेदनशील फिल्म वापरत असाल तर लेन्सचे छिद्र १६ किंवा २२ वर जाते, म्हणजे अगदी बारीक होते, आणि इतक्या लहान मापाला ते मानवत नाही. उन्हासाठी ५० संवेदनशीलतेची फिल्म घ्या.

मात्र एक मर्यादा कोणत्याही लेन्सने जात नाही. सुपर ८ ची चौकट सहा मिलिमीटर रुंदही नसते. दूरच्या शॉटमधल्या माणसाचे डोळे तिच्यावर दोन-चार कणांत उमटतात, आणि प्रेक्षकाला भाव दिसत नाही. कथेला आवश्यक ते सगळे जवळून दाखवा. पत्र दाखवायचे असेल तर अक्षरे मोठी आणि मजकूर एक-दोन शब्दांचा ठेवा.

प्रश्न : निगेटिव्ह घ्यावी की रिव्हर्सल? आणि मूळ फिल्म कापावी की स्कॅन करून संगणकावर संकलन करावे? (दोन मित्र)

उत्तर : दोन्ही प्रश्नांचे उत्तर आपला कथापट कुठे पाहिला जाणार यावर अवलंबून आहे. प्रोजेक्टरवर दाखवायचा असेल तर रिव्हर्सल : कॅमेऱ्यातून गेलेली फिल्मच धुतल्यावर सरळ प्रतिमा देते. कृष्णधवल ट्राय-एक्स आहे, आणि रंगीत एक्टाक्रोम २०१८ पासून पुन्हा मिळू लागली आहे. रिव्हर्सलला प्रकाशाची चूक फार खपत नाही. अर्ध्या स्टॉपने जास्त उजेड पडला तरी चेहऱ्याचा उजळ भाग कोरा होतो. म्हणून कॅमेऱ्याच्या मापकावर विसंबू नका, वेगळा मापक वापरा. संगणकावर किंवा मोबाइलवर दाखवायचा असेल, उजेड बदलता असेल, हात नवखा असेल, तर निगेटिव्ह घेऊन स्कॅन करणे शहाणपणाचे.

तरीही नवशिक्यांनी पहिला कथापट एकाच कार्ट्रिजमध्ये, कथेच्या क्रमाने, कॅमेऱ्यातच संकलन करत करावा असे मला मनापासून वाटते. स्ट्रेट ८ नावाचा उपक्रम १९९९ पासून याच अटीवर चालतो : एक कार्ट्रिज, काटछाट नाही, आवाज वेगळा द्यायचा, आणि करणाऱ्याने आपले काम पहिल्यांदा पाहायचे ते प्रेक्षकांत बसून. असा एक प्रयोग केल्यावर पुढच्या पटकथेतल्या अनावश्यक ओळी आपोआप नजरेत भरू लागतात.

स्कॅन करणार असाल तर फिल्म न कापता पूर्ण रीळच लॅबकडे द्या. जोडांवर स्कॅनरमध्ये चित्र उडी मारते. कापणार असाल तर सुती हातमोजे घाला, फिल्मच्या फक्त कडा धरा, कापण्याच्या यंत्रावर दोन चौकटींमधल्या रेषेवर काप घ्या आणि जोडपट्टी दोन्ही बाजूंनी लावून बोटाने दाबा. खाली हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. कापलेला प्रत्येक तुकडा पाठीमागे दोरीवर क्रमाने चिमट्यांनी अडकवून त्यावर शॉटचा क्रमांक लिहा. रिव्हर्सलची दुसरी प्रत नसते, त्यामुळे जो तुकडा आज टाकाऊ वाटतो तोही कथापट पूर्ण होईपर्यंत दोरीवरच राहू द्या.