शंका-समाधान : ए लेव्हलला रसायनशास्त्र घ्यावे का?

प्रश्न : आमची मुलगी इंग्लंडमध्ये इयर ११ मध्ये, म्हणजे सोळाव्या वर्षी होणाऱ्या जीसीएसई परीक्षेच्या वर्षात, शिकते. सिक्स्थ फॉर्मसाठी, म्हणजे त्यानंतरच्या ए लेव्हलच्या दोन वर्षांसाठी, तिने जीवशास्त्र आणि मानसशास्त्र हे विषय नक्की केले आहेत. तिसऱ्या विषयावर मात्र घरात एकमत होत नाही. ‘रसायनशास्त्र घेतले की सगळे मार्ग मोकळे राहतात’ असे तिच्या वडिलांचे म्हणणे आहे. तिने कम्बाइन्ड सायन्स (तिन्ही विज्ञान विषयांचा दोन जीसीएसईंइतका एकत्रित अभ्यासक्रम) घेतले असून सराव परीक्षेत तिला ७-७ श्रेणी (सर्वोच्च ९-९) मिळाली आहे. तिचा ओढा फिजिओथेरपीकडे आहे, पण वैद्यकीय शिक्षणाचा विचार अजून पुरता मागे पडलेला नाही. हा विषय फार अवघड आहे असे सगळीकडे ऐकू येते. काय करावे? — एक आई

उत्तर : आपल्या यजमानांच्या म्हणण्यात तथ्य आहे, पण अर्धेच. ब्रिटनमधील बहुसंख्य वैद्यकीय महाविद्यालये ए लेव्हलचे रसायनशास्त्र मागतात. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज येथे तर त्यावाचून वैद्यकीय प्रवेशाचा विचारच होत नाही. पशुवैद्यक, दंतवैद्यक आणि औषधनिर्माणशास्त्र यांचेही साधारण तसेच आहे. फिजिओथेरपीसाठी मात्र सहसा जीवशास्त्र किंवा शारीरिक शिक्षण विचारले जाते. म्हणून डॉक्टर होण्याची इच्छा खरोखर असेल किंवा विषयच मनापासून आवडत असेल, तर तो जरूर घ्यावा. केवळ असू द्यावा म्हणून दोन वर्षे ओढत नेण्याइतका तो हलका नाही.

अवघडपणाची चर्चा बहुधा पाठांतराभोवती फिरते. माझ्या मते खरी अडचण आकडेमोडीत आहे, आणि तीही गणित कठीण असते म्हणून नव्हे, तर आकड्यामागे काय घडते आहे याचे भान सुटते म्हणून. एक उदाहरण घेऊ. पिपेटने २५.० घन सेंमी सोडियम हायड्रॉक्साइड शंकुपात्रात घेतले आणि ब्यूरेटमधून ०.१०० मोल प्रति घन डेसिमीटर संहतीचे सल्फ्युरिक आम्ल सोडले (मोल हे पदार्थाचे प्रमाण मोजण्याचे एकक, तर संहती म्हणजे एका घन डेसिमीटरमध्ये, अर्थात एका लिटरमध्ये, किती मोल आहेत ते). रंग पालटेपर्यंत २४.६० घन सेंमी आम्ल लागले. आम्लाचे ०.००२४६ मोल झाले, इथवर सगळे येतात. पुढे घाईत असलेला विद्यार्थी सोडियम हायड्रॉक्साइडची संहती ०.०९८४ काढून मोकळा होतो, कारण या आम्लाचा एक रेणू सोडियम हायड्रॉक्साइडच्या दोन एककांना पुरतो, हे त्याने समीकरणात पाहिलेलेच नसते. बरोबर उत्तर त्याच्या दुप्पट, म्हणजे ०.१९७ येते. लेखी परीक्षेतील किमान २० टक्के गुण गणिती कौशल्यांवर असतात आणि पीएचसाठी (आम्लता दाखवणाऱ्या आकड्यासाठी) लॉगॅरिदमही लागतो. तेव्हा ए लेव्हलला गणित न घेणाऱ्या आपल्या मुलीने हा सराव सुटू न देण्याची जास्तच काळजी घ्यावी.

दुसरी गोष्ट स्वभावाची आहे. जीसीएसईला शिकवलेली इलेक्ट्रॉनांची २, ८, ८ ही मांडणी इथे अपुरी ठरते. तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावतात आणि कवचांच्या आत उपकवचे असतात, हे नव्याने शिकावे लागते. ‘मग आधी खोटे का शिकवले?’ असा राग काही मुलांना येतो, तर काहींना त्यातच गंमत वाटते. आपली मुलगी कोणत्या गटात बसते, हे आपणच अधिक चांगले जाणता.

कम्बाइन्ड सायन्सची चिंता फारशी करू नये. तीन स्वतंत्र विज्ञान विषय घेतलेल्यांपेक्षा तिचा काही भाग कमी झालेला असेल, पण तो सुट्टीत भरून काढता येतो. मात्र त्या सिक्स्थ फॉर्मची किमान श्रेणीची अट तेवढी पाहून घ्यावी. प्रयोगांचेही दडपण नको, कारण किमान १२ प्रयोगांची नोंद स्वतंत्रपणे होते आणि तिचा अंतिम श्रेणीवर परिणाम होत नाही. अंतिम श्रेणी दोन वर्षांच्या शेवटी होणाऱ्या लेखी परीक्षेवरच ठरते.

परीक्षा संपल्यावर उन्हाळ्यात तिला मोलवरची वीस-पंचवीस उदाहरणे कोणाच्याही मदतीशिवाय सोडवू द्यावीत. चुका किती होतात यापेक्षा, चुकलेले उदाहरण ती पुन्हा हातात घेते की वही मिटते, याकडे लक्ष ठेवावे. तिने वही मिटली तर तिसरा विषय दुसरा शोधावा, आणि हे वडिलांनाही तिच्याच तोंडून ऐकू द्यावे. विषय बदलण्याची शेवटची तारीख मात्र शाळेला आधीच विचारून ठेवावी. बहुतेक ठिकाणी ती सप्टेंबरमध्ये वर्ग सुरू झाल्यावर काही आठवड्यांतच उलटून जाते.