वस्ती, पुनर्वसन आणि एक पांघरूण

प्रश्न असा: रस्त्याकडेला तंबू ठोकून राहणाऱ्या बेघरांच्या ठिकाणाला बातम्यांत 'छावणी' म्हणतात, ते बरोबर का? आणि महापालिकेने ती हटवली की 'पुनर्वसन केले' असं छापतात, त्याचं काय?

दुसऱ्यापासून सुरू करतो, कारण त्याने माझं डोकं उठतं. सामान ट्रकमध्ये भरलं, माणसं दोन गल्ल्या पलीकडे पिटाळली, याला मराठीत 'हुसकावणं' म्हणतात. 'पुनर्वसन' म्हणायचं तर कोणाला तरी कुठे तरी वसवावं लागतं.

आता 'पुनर्वसन' आणि 'वस्ती' हे दोन्ही शब्द ज्यातून निघाले तो वस् धातू, म्हणजे संस्कृतातलं क्रियापदाचं मूळ. 'राहणे' हा अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे, तो सोडू. खरी मजा रात्रीत आहे! 'वस्तीची गाडी' म्हणजे रात्री मुक्कामाला थांबणारी गाडी. 'वस्तीला आलो' म्हणजे रात्र काढायला आलो. ही काही ग्रामीण लकब नव्हे. कालिदासाच्या रघुवंशाच्या सातव्या सर्गात विदर्भाचा राजा राजपुत्र अजाला निरोप द्यायला निघतो आणि वाटेत त्याच्यासोबत तीन 'वसती' राहून परततो. तीन वस्त्या नव्हेत, तीन रात्री. रात्र उलटून गेलेलं शिळं अन्न म्हणजे 'पर्युषित', तेही याच धातूचं. इंग्रजीतलं 'वॉज' हे भूतकाळी रूपसुद्धा त्याच मूळ कुळातलं. म्हणजे रोज 'होता', 'होती' म्हणताना इंग्रज नकळत वस्तीलाच उतरतो. (हिंदीतली 'बस्ती' ऐकून 'वस्ती'ला फारसी ठरवणाऱ्या पंडितांनी व-चा ब कसा होतो ते आधी पाहावं. इथे फारसीचा काडीचा संबंध नाही.)

काही जण याच ओघात 'वस्त्र'ही इथेच आणून बसवतात. चूक. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'वस निवासे' वेगळा आणि 'वस आच्छादने' वेगळा, गण म्हणजे धातूंचे वर्गसुद्धा निराळे. एक राहण्याचा, दुसरा अंगावर घेण्याचा. उच्चार जुळला म्हणून नातं जुळत नाही, हे मी कैक वर्षं सांगतो आहे.

पण वैयाकरणांनी वेगळे ठेवलेले हे दोन धातू अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातल्या ग्रँट्स पास नावाच्या गावाने एकत्र आणले! ज्या नियमावरून तिथे खटला झाला, त्यात सार्वजनिक जागी तात्पुरतं राहण्यासाठी अंथरूण-पांघरूण टाकलं की ती जागा 'कॅम्प' ठरत असे. दंड तेव्हा २९५ डॉलरपासून पुढे होता. आच्छादन घेतलं की निवास झाला! निवाऱ्यात खाट शिल्लक नसेल तर बाहेर झोपल्याबद्दल शिक्षा करता येत नाही, असं तिथल्या एका अपील न्यायालयाने २०१८ मध्ये बॉइसी शहराच्या खटल्यात म्हटलं होतं. जून २०२४ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पासच्या बाजूने सहा विरुद्ध तीन असा निकाल दिला. न्यायालयातला वाद अशी शिक्षा करता येते का याचा होता; पण रात्र काढणं म्हणजे वस्ती करणं का, हा प्रश्न मला त्याच्या मुळाशी दिसतो. आमच्या 'वस्ती'त दोन्ही अर्थ कधीचे शेजारी शेजारी नांदताहेत.

फिनलंडने २००८ पासून वेगळा रस्ता धरला. आधी भाडेकराराचं घर, बाकीची मदत त्यानंतर. हेलसिंकीतले रात्रीपुरते निवारे हळूहळू सदनिकांत बदलले. याला मी 'पुनर्वसन' खुशाल म्हणू देईन. किंबहुना नुसतं 'वसन'ही चालेल.

हो, 'छावणी' राहिलीच. छावणी कोणीतरी उघडतं: सैन्याची, चाऱ्याची, निर्वासितांची. तिला हुकूम असतो, हजेरी असते, फाटक असतं. इथे ज्याने त्याने आपापली ताडपत्री आणून बांधलेली. 'तळ' चालेल. 'पालं पडली आहेत' म्हणालात तर फारच छान.